दर महिन्याची पंधरा तारीख

आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे कधी लिहिले गेले नाहीत. तिथे नवऱ्याच्या तारखा असायच्या. सात तारखेला टीडीएस. पंधराला पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. टीडीएसचं रिटर्न तीन महिन्यांनी एकदा. कामगार कल्याण निधी सहा महिन्यांनी एकदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून. प्रोफेशन टॅक्सचं रिटर्न आमच्यासारख्या छोट्यांना वर्षातून एकदा. माहेरी माझे वडील नोकरदार. पगार कापून हातात यायचा, आणि तो कापलेला भाग पुढे कुठे जातो, कोण नेऊन भरतं, हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडला नव्हता. लग्न करून डोंबिवलीत आले आणि तो नेऊन भरणारा माणूसच माझ्या वाट्याला आला.

नवऱ्याचा रबराचे वॉशर आणि सील बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. कल्याण-शीळ रस्त्यावर शीळफाट्याच्या अलीकडे एका गावातल्या जमीनमालकाने शेतात गाळे बांधलेले, त्यातला एक आमचा. रबर दाबणाऱ्या प्रेस, एक मिक्सिंगची मशीन, कोपऱ्यात काचेची केबिन. पंप बनवणाऱ्या कंपन्यांना आमचा माल जायचा. एकदा काम वाढलं तेव्हा माणसं विसाच्या वर गेली आणि पीएफ लागू झाला. मग काम घटलं, माणसं घटली, पण एकदा लागलेला पीएफ सुटत नाही. मी एकदा कुरकुरले, तर म्हणाला, "अगं, आपले कुठे चाललेत? अर्धे त्यांच्या पगारातले कापलेले आहेत. ते माझ्या खात्यात पडून राहिले की मला झोप लागत नाही."

खरंच लागायची नाही. पूर्वी चलन घेऊन बँकेत रांग लावायचा. नंतर सगळं ऑनलाइन झालं, तर साइट चालत नाही म्हणून चौदा तारखेला लॅपटॉपपुढे चिडचिड करत बसायचा. माझ्या भावाच्या साखरपुड्याला हा मांडवाबाहेर गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून उभा, कारण आत नेटवर्क नव्हतं. माझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "जावईबापूंना काही झालंय का गं?" मी म्हटलं, "पंधरा तारीख आहे." आईला काहीच कळलं नाही.

तो गेला तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी, गाळ्यातच. केबिनमध्ये चहा घेत होता. आमचा जुना प्रेसवाला काही विचारायला आत गेला, तर हा टेबलावर डोकं ठेवून बसलेला. प्रेसवाल्याने त्याला पाठीवर टाकलं, माल नेणाऱ्या टेम्पोत घातलं, आणि डोंबिवलीच्या दवाखान्यात आणलं. मी पोहोचले तेव्हा प्रेसवाला दारातच उभा होता. शर्टाला रबराची काळी पावडर, आणि हात असे पुढे धरलेले, जणू अजून कुणाला तरी उचलून धरलंय. "वहिनी," एवढंच म्हणाला.

हा प्रेसवाला विठ्ठलवाडीला राहायचा. मूळचा घाटावरचा. आमच्या लग्नाआधीपासून नवऱ्याकडे होता. त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, तिचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं, आणि ते सगळं ईएसआयवर. त्याच्या पगारातून जे थोडंसं कापलं जायचं आणि त्यात नवरा आपली भर घालून जे दर पंधराला भरायचा, त्यावर एक बाई जिवंत होती. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्याचं वजन कळणं यात अंतर असतं.

दिवसकार्य चालू असतानाच आमचे कन्सल्टंट भेटायला आले. कल्याणचे, वयस्कर गृहस्थ, पुण्यात शिकलेले; आमची सगळी रिटर्न्स तेच भरायचे. चप्पल घालताना म्हणाले, "वहिनी, ही बोलायची वेळ नाही. पण सप्टेंबरचे पगार झालेले आहेत, आणि पंधरा तारीख जवळ आली आहे."

मी म्हटलं, "भरा."

"ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येईल."

त्याचा मोबाईल मी बंद केला नव्हता. चार्जिंगला लावून त्याच्या फोटोजवळ ठेवला होता. कन्सल्टंटांचा फोन आला, तसा त्याच्या फोनवर आकडा आला आणि मी तो वाचून दाखवला. पैसे माझ्या बचत खात्यातून गेले. त्या महिन्याचं वेळेवर भरलं गेलं. मुलगी बंगळूरहून आली होती, ती माझ्याकडे बघत होती. "आई, आत्ता? आत्ता हे?" मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. वाटलं, हे मी चालवू शकेन.

कार्य आटोपल्यावर मी गाळ्यावर गेले. माणसं कामावर आलेली होती, प्रेस चालू होत्या. मी सगळ्यांना म्हटलं, बंद करणार नाही. दोन दिवसांनी कल्याणला कन्सल्टंटांच्या ऑफिसात गेले आणि तेच त्यांनाही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वहिनी, तुमची कंपनी असती तर गोष्ट वेगळी होती. हा प्रोप्रायटरी धंदा. कायद्याच्या दृष्टीने धंदा आणि ते, दोन्ही एकच. ते गेले त्या दिवशी धंदाही संपला."

"माणसं तर काम करताहेत."

"करताहेत. पण त्यांच्या नंबरवर आता पुढचे पगार दाखवता येणार नाहीत. गेलेल्या माणसाकडे नोकरी कशी दाखवायची? तुमच्या नावाने नवा धंदा काढायचा. नवा टॅन, नवा जीएसटी, नवा पीएफ कोड, नवा ईएसआय कोड. मग ही माणसं त्यावर घ्यायची. त्यांचे विम्याचे नंबर तेच राहतात, ती काळजी नको."

"किती वेळ लागेल?"

"कागद हातात असतील तर फार नाही."

कागद हातात नव्हते. बँकेला मृत्यू कळवल्याबरोबर धंद्याचं खातं गोठलं. त्यात पडलेले पैसे वारस ठरेपर्यंत हलणार नव्हते. पंपवाल्या कंपन्यांनी हळहळ व्यक्त केली, पण थकलेलं बिल त्याच गोठलेल्या खात्यात टाकणार म्हणाल्या, आणि नव्या नावाला नवी ऑर्डर द्यायची तर नव्याने पाहणी, नव्याने मंजुरी. ऑक्टोबरचे पगार मी माझ्या ठेवी मोडून दिले. त्यातून ईएसआय कापला नाही, कारण कापून भरणार कुठे?

नव्या नोंदणीला जागेचा करार लागत होता, माझ्या नावाचा. म्हणून गाळ्याच्या मालकाकडे गेले. त्याच गावातलं जुनं घराणं. एके काळी तिथे भातशेती होती, आता घरासमोर दोन मोठ्या गाड्या उभ्या असतात. म्हातारे मालक ओटीवर बसले होते. मला बघून उठायला लागले.

"बसा हो बाबा," मी म्हटलं.

"वैनी, तुमचा मानूस देवमानूस व्हता," ते म्हणाले. "भारा कदी थकवला नाय. पन काय सांगू? पोरांनी सगली जागा गोडाऊनवाल्याला दिली. सही झाली दिवालीच्या आंगोदर. मना इचारलंच नाय."

"मला फक्त करार पाहिजे, बाबा. वर्षभराचा द्या. सहा महिन्यांचा द्या."

त्यांनी आत हाक मारली. मोठा मुलगा आला, नम्रपणे बोलला. "काकी, तुम्हाला मार्चपर्यंत कोण उठवणार नाही. राहा बिनधास्त. पण लिहून नाही देता येणार. समोरच्या पार्टीला आम्ही जागा मोकळी म्हणून दाखवली आहे."

लिहून न देता राहायची परवानगी मला काही कामाची नव्हती. म्हातारे माझ्याकडे न बघता अंगणाकडे बघत राहिले. त्यांच्या सुनेने चहा दिला. मी तो प्यायले आणि निघाले.

मग डोंबिवलीत, भिवंडीच्या बाजूला, कुठे कुठे गाळे बघितले. प्रेस हलवायच्या म्हणजे पाया खणायचा, वीज वाढवून घ्यायची, प्रदूषण मंडळाची परवानगी नव्याने. रबराचा धंदा म्हटलं की मालक नाक मुरडायचे. मी हरत चालले होते आणि ते माझ्याआधी कामगारांना कळलं. एक एक जण दुसरीकडे लागला. कुणी भांडलं नाही. उलट प्रत्येक जण जाताना माझी समजूत काढून गेला, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

प्रेसवाला शेवटपर्यंत राहिला. नोव्हेंबरच्या पंधराला तो केबिनच्या दारात आला.

"वहिनी, भरलं का या महिन्याचं?"

इतक्या वर्षांत त्याने हा प्रश्न नवऱ्याला कधी विचारला नव्हता. विचारावा लागला नव्हता.

"नाही रे. नंबरच नाही अजून."

"बरं." तो तिथेच उभा राहिला. "हिचं चालूये अजून. कार्ड चालतंय."

मी कन्सल्टंटांना विचारलं होतं, म्हणून मला ठाऊक होतं. एप्रिल ते सप्टेंबर जे भरलं, त्यावर जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्च जे भरू, त्यावर जुलै ते डिसेंबर. म्हणजे आज न भरल्याचा फटका आज बसत नाही, जुलैत बसतो. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे जूनपर्यंत आहे," तो म्हणाला.

"तोवर मी करते काहीतरी."

डिसेंबरात मीच त्याला सांगितलं, दुसरीकडे बघ. जिथे ईएसआय कापतात अशाच ठिकाणी बघ. शीळफाट्याजवळच्या एका गोडाऊनमध्ये माणसं पुरवणारा ठेकेदार होता, त्याच्याकडे त्याला काम मिळालं. माल चढवायचा-उतरवायचा. प्रेसवर हात बसलेला माणूस खोके उचलायला लागला. पण पहिल्या पगाराची पावती त्याने मला फोनवर पाठवली आणि खाली लिहिलं, "ईएसआय कापलाय वहिनी." मी त्या रात्री खूप दिवसांनी नीट जेवले.

फेब्रुवारीत मी प्रेस भंगारच्या भावात विकल्या आणि गाळ्याची किल्ली म्हाताऱ्यांच्या हातात दिली.

पण धंदा बंद झाला तरी तो बंद होत नाही. पीएफच्या ऑफिसातून नवऱ्याच्या नावाने पत्रं यायला लागली. ऑक्टोबरपासून भरणा नाही, खुलासा करावा. मी मृत्यूचा दाखला घेऊन ठाण्याला त्यांच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस चांगला होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं वाचलं.

"मॅडम, बंद झाल्याचा अर्ज केलाय का?"

"माणूसच गेला. अर्ज कोण करणार?"

"तुम्ही. वारस म्हणून. आम्हाला कुणी कळवेपर्यंत सिस्टीममध्ये ते आहेतच ना."

मी हसले. त्याला वाटलं मला वाईट वाटलं, आणि तो सॉरी म्हणाला. परत येताना तीन हात नाक्यापर्यंत चालत आले. मला राहून राहून वाटत होतं की त्या कुठल्याशा कॉम्प्युटरमध्ये नवरा अजून बसलेला आहे आणि पंधरा तारीख चुकली म्हणून तळमळतोय.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रेसवाल्याचा फोन आला. आवाज नीट येत नव्हता. मागे गर्दीचा कोलाहल.

"वहिनी, कार्ड चालत नाही म्हणतात."

"कार्ड कसं चालत नाही? मार्चपर्यंतचं कापलंय ना तुझं?"

"कापलंय. पावत्या दाखवल्या मी. ते म्हणतात आमच्याकडे काहीच आलेलं नाही. जानेवारीपासून एकही महिना नाही."

ठेकेदाराने कापले होते आणि भरले नव्हते. एकदाही नाही. प्रेसवाला त्याच्याकडे गेला, तर तो म्हणाला, भरतो रे, एकदम भरतो, पळून चाललोय का? मी प्रेसवाल्याला घेऊन कन्सल्टंटांकडे गेले. त्यांनी लगेच तक्रार लिहून दिली. म्हणाले, "कायदा याच्या बाजूने आहे. मालकाने बुडवलं म्हणून कामगाराचे उपचार कायमचे बुडत नाहीत. चौकशी होईल, वसुली होईल, मिळेल सगळं."

"कधी?" प्रेसवाल्याने विचारलं.

त्यांनी तक्रारीचा कागद त्याच्या हातात दिला.

"साहेब, तिचं उद्या आहे," प्रेसवाला म्हणाला. "डायलिसिस. उद्या आहे."

उद्याचं पैसे भरून झालं. त्यापुढचंही एकदा तसंच झालं, पण आठवड्यातून तीनदा तसं भरणं त्याला आणि मला झेपणारं नव्हतं. मग सरकारी योजनेतून एका केंद्रात नाव घातलं. तिथे आधीची माणसं होती, त्यांचीही आठवड्यातून तीनदाच होती, त्यातलं कुणी उठल्याशिवाय जागा होणार नव्हती. कुणी उठणं म्हणजे काय, ते आम्हाला कळत होतं. आठवड्याला तीनचं दोनवर आलं. कधी एकवर.

मी विठ्ठलवाडीला तिला बघायला गेले. स्टेशनपासून आत, चाळीतली एक खोली. ती कॉटवर बसलेली, पाय सुजून गुळगुळीत झालेले. इतक्या वर्षांत मी तिला फक्त पूजेला बघितलं होतं, गाळ्यावरच्या दसऱ्याच्या. तेव्हा ती मशीनला झेंडूची माळ घालायची, कारण माझ्या नवऱ्याचा हट्ट असायचा की प्रेसची पूजा प्रेसवाल्याच्या बायकोने करायची.

"पाणी किती प्यायचं, मोजून देतात हे," ती म्हणाली. "एवढुशी वाटी. मला स्वप्नात विहीर दिसते, ताई."

मी तिचा हात धरला. हातावर डायलिसिसच्या जागी नस फुगून दोरीसारखी झालेली, आणि हात लावला की आत काहीतरी घरघरत होतं. तिने माझी बोटं तिथे नीट दाबून धरली. "बघा, चालू आहे अजून," ती म्हणाली.

"लवकरच मिळेल तुला जागा," मी म्हटलं.

"मिळेल हो. पण तुमचे साहेब असते ना," ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "तुम्हाला नाही बोलत, ताई. तुम्ही खूप केलं. मी आपलं बोलले."

जागा मिळाली. गणपतीच्या आधी केंद्रातून फोन आला. पण तोवर तिच्या फुफ्फुसात पाणी झालेलं, आणि दुसऱ्या डायलिसिसच्या वेळी मशीनवरच तिचा रक्तदाब जो खाली गेला तो वर आला नाही. प्रेसवाल्याने मला फोन केला नाही. शेजारच्याने केला. मी स्मशानात पोहोचले तेव्हा लाकडं लागली होती. तो मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

ठेकेदाराने ऑक्टोबरात काही महिन्यांचे पैसे भरले, म्हणे. दंडासकट. चौकशी चालू असल्यामुळे भरले. प्रेसवाल्याच्या फोनवर तसा मेसेज आला. तो मेसेज त्याने मला पाठवला, खाली काही न लिहिता. नंतर तो गावी गेला. एकदोनदा फोन केला, लागला नाही.

मी आता कन्सल्टंटांच्या ऑफिसात काम करते. त्यांनीच बोलावलं. म्हणाले, तारखा तुम्हाला पाठ आहेत, मला माणूस हवा आहे. छोटे धंदेवाले येतात. बेकरीवाला, कोचिंग क्लासवाली, दोन गॅरेजवाले. दर महिन्याला दहा तारखेपासून मी त्यांना फोन करायला लागते. अकराला, बाराला. काही जण भरतात. काही म्हणतात, पुढच्या महिन्यात एकदम. चौदाला मी चिडते, पंधराला गयावया करते. कन्सल्टंट म्हणतात, वहिनी, आपलं काम सांगायचं, एवढं मनाला लावून घेऊ नका.

परवा माजिवड्याचा एक जिमवाला आला होता. तरुण, हसतमुख, तीन ठिकाणी जिम आहेत. ट्रेनर, सफाईच्या बायका, रिसेप्शनच्या मुली, सगळ्यांच्या पगारातून कापतो. गेले दोन महिने भरलेलं नाही.

"मॅडम, एक सांगा ना," तो म्हणाला. "हे दर महिन्याला कशाला लागतं? जीएसटी असतो, टीडीएस असतो, त्यात हे. सहा महिन्यांनी एकदम टाकलं तर काय होतं? व्याजच ना? देतो की व्याज."

मी म्हटलं, "सांगते काय होतं. आमच्याकडे एक प्रेसवाला होता…"

त्याचा फोन वाजला. "एक मिनिट हां मॅडम," म्हणून तो बाहेर गेला. काचेतून दिसत होता, हातवारे करत बोलत होता. मी वाट बघत बसले. तो तिथूनच मला हात करून, येतो नंतर, अशी खूण करून गाडीत बसून गेला.

त्या महिन्याचं त्याने भरलं नाही. मी पंधराला संध्याकाळपर्यंत फोन करत होते.